चारशे पंचवीस घोड्यांचा क्लच

मित्रांनो, माझ्याकडे बघून हळहळू नका. मी जुना आहे, भिंतीवर टांगलेला आहे आणि माझ्या पोटात कुणीतरी घड्याळ बसवले आहे, हे सगळे खरे. पण मी क्लच आहे. घड्याळ हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. मला पाकळ्या सहाच, त्यामुळे मी दोन-दोन तासांनीच नीट वेळ सांगतो. मधली वेळ ज्याची त्याने ओळखावी. मी आयुष्यभर कुणाच्या सोयीने वागलो नाही, आता कशाला सुरुवात करू?

ज्यांनी क्लच पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडीत एका बाजूला इंजिन फिरत असते आणि दुसऱ्या बाजूला चाके वाट बघत असतात. दोघांचे हात एकमेकांच्या हातात देणे आणि वेळ आली की सोडवणे, एवढेच आमचे काम. चालकाने डाव्या पायाने पेडल दाबले की आम्ही हात सोडतो, पाय उचलला की धरतो. काही क्लच हळूच धरतात. मी त्यांच्यातला नव्हे. मी पकडतो.

माझा जन्म एकोणीसशे सत्त्याऐंशी साली ओहायोतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे फक्त शर्यतीच्या गाड्यांसाठी क्लच बनत. माझ्या तबकडीवर भाजून कडक केलेल्या सहा पाकळ्या होत्या आणि झाकणात नऊ दणकट स्प्रिंगा. पाचशे घोड्यांचे, म्हणजे पाचशे अश्वशक्तीचे, इंजिन धरून ठेवील अशी माझी छाती. मला तपासणाऱ्या माणसाने दोनदा हातोडीने ठोकले, मान डोलावली आणि माझ्या खोक्यावर लाल चिठ्ठी चिकटवली. ‘फक्त शर्यतीसाठी. रस्त्यावर वापरू नये.’ मित्रांनो, ती चिठ्ठी म्हणजे माझे प्रशस्तिपत्र होते. डेलबर्ट ओव्हरमायर याने खोके घरी नेल्यावर सगळ्यात आधी तीच फाडली.

हा डेलबर्ट इंडियानातल्या मन्सी गावचा. काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात नोकरी, आवाज मोठा, हृदय त्याहून मोठे आणि बढाई सगळ्यात मोठी. त्याच्याकडे एकोणसत्तर सालची दोन दारांची, लांब नाकाची, गडद हिरवी गाडी होती. तिच्या दोन्ही गालांवर, म्हणजे पुढच्या चाकांच्या वर, त्याने ‘४२५’ असा चकचकीत आकडा लावला होता. इतके घोडे आत आहेत म्हणे. आकडा त्याने शेजारच्या अँडरसन गावच्या भंगारवाल्याकडून आणला होता. घोडे मात्र कुठूनच आणले नव्हते.

त्याची कहाणी अशी होती की एका हिवाळ्यात त्याने एकट्याने इंजिन उघडले, आतले सगळे बदलले आणि पुन्हा बंद केले. बाहेरून काही दिसायचे नाही, कारण सगळी करामत आत. गाडी उभी असताना जरा थरथरली तर लोकांना दांडगे इंजिन वाटते, म्हणून त्याने एक स्क्रू अर्धी फेरी उलटा फिरवून ठेवला होता. एवढीच काय ती करामत.

शनिवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या सँडविचच्या दुकानासमोर अशा जुन्या गाड्या जमत. बॉनेट उघडे, शेजारी घडीच्या खुर्च्या, मांडीवर बशीच्या बाहेर डोकावणारा डुकराच्या मांसाचा कुरकुरीत तुकडा. तिथे एक रीत होती. दुसऱ्याने सांगितलेल्या घोड्यांवर शंका घ्यायची नाही. ‘वा!’ म्हणायचे, शिट्टी वाजवायची आणि मग आपले घोडे सांगायचे. ही रीत फक्त एकदा मोडली. विल्मर क्लाइन नावाचा मेकॅनिक सँडविच चावता चावता सहज म्हणाला, “डेल, चारशे पंचवीस घोडे म्हणतोस, मग तुझा साधा क्लच अजून जळला कसा नाही रे?”

या प्रश्नाचे उत्तर म्हणून मला आणले गेले. लोक क्लच आणतात गाडी चालावी म्हणून. मला आणले ते खोट्या साक्षीसाठी.

पुढची तीस वर्षे मी काय केले, तर अडीचशे घोडे धरले. अडीचशे! पहिलवानाला बाळ सांभाळायला बसवावे तशी माझी अवस्था. बाळ सांभाळायचे ते पहिलवान आपल्या पद्धतीनेच सांभाळणार. पाय जरा उचलला की मी करकचून पकडत असे आणि गाडी बोकडासारखी उड्या मारत पुढे जाई. चर्चच्या दारात, सिग्नलवर, शाळेसमोर. एकदा डेलबर्टच्या शेजारी त्याची बायको व्हर्नाबाई मांडीवर साखर-सायीचा ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ घेऊन बसल्या होत्या. चर्चच्या जेवणासाठी पहाटे उठून भाजलेला. डेलबर्टने पाय उचलला, मी पकडले आणि तो गोड पाय व्हर्नाबाईंच्या चांगल्या निळ्या झग्यावर गेला.

“डेल,” त्या शांतपणे म्हणाल्या, “हे घोडे आहेत की माकडं?”

“ताकद आहे गं ती! ताकदीला आवरणं सोपं असतं का?”

व्हर्नाबाईंनी झग्यावरची साय बोटाने पुसली, चाखली आणि काही बोलल्या नाहीत. हे न बोलणे लक्षात ठेवा.

माझे कौतुक झाले नाही असे नाही. डेलबर्ट येईल त्याला गाडीत बसवून म्हणे, “पेडल दाबून बघ!” तो माणूस दात-ओठ खाऊन दाबी, कपाळावर शीर येई आणि बाहेर पडून म्हणे, “बाप रे, काय इंजिन असेल!” म्हणजे कष्ट माझे आणि नाव इंजिनाचे. मला त्याचे काही नाही. पण रस्त्यावर वापरू नये असे ज्याच्या खोक्यावर लिहिले होते त्याने रस्त्यावर धक्के दिले, तर चूक कुणाची? मी आजवर माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही.

एका फेब्रुवारीत डेलबर्ट गेला. बास्केटबॉलचा सामना रेडिओवर ऐकत असताना, खुर्चीतच. सुट्या भागांच्या दुकानात, लायलच्या काउंटरमागे, त्याचा फोटो लागला. गाडीला टेकून हसणारा डेलबर्ट आणि खाली ठळक अक्षरात ‘४२५’. गाडी दोन वर्षे गॅरेजमध्ये उभी राहिली. उंदरांनी मागच्या सीटमध्ये संसार थाटला. माझ्या कडेला तांबूस गंज चढला. कुणी विचारत नसले की लोखंड स्वतःलाच खाते.

मग एका जूनच्या सकाळी व्हर्नाबाई आल्या. वय चौऱ्याहत्तर, डावा गुडघा नवा, आदल्या वर्षीच बसवलेला. त्यांनी उंदरांना बाहेर काढले, सीटवर उशी ठेवली, बसल्या आणि पेडलवर पाय ठेवला. मी हललो नाही. त्यांनी दोन्ही पाय ठेवले, स्टिअरिंग धरून जोर केला. मी तसूभर हललो. त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. गुडघ्यातून आलेला होता.

हे सगळे त्यांचा पुतण्या क्रेग दारातून पाहत होता.

“काकू, उगीच हट्ट करू नकोस. ही गाडी ऑटोमॅटिक करून घेऊ. डाव्या पायाला सुट्टी.”

व्हर्नाबाई सावकाश खाली उतरल्या. “क्रेग, मी कुठे नोकरी केली?”

“गिअरबॉक्सच्या कारखान्यात.”

“किती वर्षं?”

“एकोणतीस. काकू, मला माहितीये...”

“एकोणतीस वर्षं मी हातांनी चार गिअरच्या पेट्या जुळवल्या. अर्ध्या देशाच्या पोरांनी त्या बडवल्या. आणि माझ्याच घरातल्या गाडीतून तू ती पेटी काढून फेकणार? आधी मला फेक.”

“बरं, मग गाडी मला दे. निदान चालेल तरी. उभी राहून सडतेय.”

ते खोटे नव्हते, म्हणून व्हर्नाबाईंना जास्त लागले. त्या म्हणाल्या, “सप्टेंबरचा पहिला सोमवार. आपल्या कामगार दिनाची, जुन्या गाड्यांची फेरी. कोर्टाला वळसा घालून परत इथपर्यंत मी स्वतः चालवली तर गाडी माझी. बंद पडली किंवा कुणाला हात द्यावा लागला, तर किल्ली तुझी. शब्द दिला.”

क्रेग गेला तेव्हा व्हर्नाबाईंनी माझ्या बाजूला, म्हणजे पेडलकडे, पाहिले. “आणि तुझं बघते मी,” असे त्या म्हणाल्या. मित्रांनो, मला धमकी फार वर्षांनी मिळाली होती. बरे वाटले.

विल्मर क्लाइन आता निवृत्त झाला होता, पण हात चालू होते. त्याने गाडी वर घेतली, गिअरबॉक्स उतरवला आणि मला बाहेर काढले. बत्तीस वर्षांनी उजेड. व्हर्नाबाई शेजारी स्टुलावर बसून चष्म्यातून बघत होत्या. त्यांनी पट्टी घेऊन माझा व्यास मोजला, मधल्या भोकातले दाते बोटाने मोजले, झाकणातल्या स्प्रिंगा मोजल्या.

“नऊ,” त्या म्हणाल्या. “विल्मर, हा क्लच नाही. हा सापळा आहे.”

विल्मर खाली बघून हात पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून गोड पाय न्यायच्या टोपलीत ठेवले आणि लायलच्या दुकानात नेले. त्या दुकानात काउंटरसमोर सहा स्टुले होती आणि सकाळी सहाही भरलेली असत. कॉफी फुकट, गप्पाही फुकट. विल्मर एका स्टुलावर होताच. व्हर्नाबाईंनी मला काउंटरवर ठेवले, डेलबर्टच्या फोटोखाली.

“याच्या जागी दुसरा हवाय, लायल. गुळगुळीत धरणारा. साध्या अस्तराचा, पूर्ण गोल, पाकळ्या नकोत. मध्ये धक्का गिळणाऱ्या छोट्या स्प्रिंगा असलेला. झाकण एका चपट्या स्प्रिंगचं, बशीसारख्या. व्यास साडेदहा इंच, दहा दाते. आणि त्याच्याबरोबर त्याच्याच मापाचं बेअरिंग, जुनं चालणार नाही.”

सहाही स्टुले त्यांच्याकडे वळली. इतके नेमके बोलणारे गिऱ्हाईक त्यांनी बरेच दिवसांत पाहिले नव्हते.

लायलने टोपी मागे सरकवली. “व्हर्ना, तसला क्लच माझ्याकडे आहे. पण मी देणार नाही.”

“का?”

“कारण तो तीनशे घोड्यांपर्यंतचा आहे. डेलच्या गाडीत सव्वाचारशे. पहिल्या चढावर घसरेल, आठवड्यात जळेल आणि अख्खं गाव म्हणेल, लायलने विधवेला चुकीचा माल दिला. इंजिन पाहून क्लच देतो मी. पाय पाहून नाही. चाळीस वर्षांचा नियम आहे माझा.”

“एखादा जोड क्लच घे ना,” एका स्टुलावरून सल्ला आला. “दोन तबकड्यांचा. सहाशे घोडे धरतो!”

“आणि पेडलसाठी पायाचा व्यायाम कर,” दुसरे स्टूल म्हणाले. “आमची ही रोज टीव्हीवर बघून करते.”

“बघूनच करते ना?” तिसरे म्हणाले.

व्हर्नाबाईंनी वर पाहिले. भिंतीवर डेलबर्ट हसत होता. मित्रांनो, मी त्यांच्या हाताखालीच होतो, म्हणून सांगतो, त्या नखाने माझ्या कडेचा गंज खरवडत होत्या. तीसहून जास्त वर्षे सांभाळलेली गोष्ट होती. बोलल्या तर फोटोतल्या माणसाचे हसू जाणार, न बोलल्या तर गाडी जाणार.

“लायल,” त्या म्हणाल्या, “दोनशे पंचावन्न.”

“काय दोनशे पंचावन्न?”

“घोडे. कारखान्यातून आले तेवढेच. तेही गार सकाळी, उतारावर. ज्या हिवाळ्यात त्याने इंजिन उघडलं म्हणता, त्या हिवाळ्यात तो गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बास्केटबॉल ऐकत होता. सूप नेऊन द्यायचे मी. इंजिनाचा एक बोल्ट हलला नव्हता. स्टोव्ह तेवढा पेटलेला असायचा.”

कॉफीचे यंत्र गुरगुरले.

“तीस वर्षं तू बोलली नाहीस?” लायलने विचारले.

“त्याचा फार जीव होता त्या आकड्यावर. माझं काय जात होतं? एक निळा झगा गेला, तेवढंच.” मग त्या ताठ झाल्या. “पण आता माझा गुडघा जातोय. मेलेल्या माणसाच्या बढाईसाठी मी जिवंत पाय देणार नाही. आण तो क्लच.”

तेव्हा विल्मरने कॉफीचा कप खाली ठेवला. “मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“सत्त्याऐंशीपासून. इंजिनाच्या बोल्टांवर कारखान्याचा रंग तसाच होता. पान्याचा एक ओरखडा नाही.”

“मग बोलला का नाहीस मेल्या?”

विल्मरने इकडेतिकडे पाहिले. “बोललो असतो, तर त्याने माझे मोजले असते.” त्याने कप जरा सरकवला. “मी साडेचारशे सांगतो ना? तीनशे दहा आहेत.”

“माझे चारशे नाहीत,” पलीकडचे स्टूल पुटपुटले. “आणि मला वाटतं, तीनशेही नसावेत.”

“तुझी तर सहा सिलिंडरची आहे! बॉनेट का उघडत नाहीस ते कळलं आज!”

मग धरणच फुटले. त्या सकाळी लायलच्या दुकानात, माझ्या हिशेबाने, सुमारे नऊशे घोडे मेले. कुणी रडले नाही. उलट एक विचित्र गोष्ट लक्षात आली. सहाच्या सहा माणसे उठताना डावा गुडघा चोळत होती. सांगितलेल्या घोड्यांना शोभेल असा क्लच प्रत्येकाने बसवला होता आणि वर्षानुवर्षे तो खऱ्या पायाने दाबत होता.

लायल आत जाऊन एक खोके घेऊन आला. त्यात तो होता, माझा वारस. गुळगुळीत, तपकिरी, मवाळ चेहऱ्याचा. लायलने झाकणाची स्प्रिंग दाखवली, व्हर्नाबाईंनी अस्तर बोटाने चाचपून पाहिले, दाते मोजले, पुन्हा मोजले. मी काउंटरवरून त्याला नीट बघून घेतले. वाटले, हा मला काय उत्तर देणार? तो काहीच बोलला नाही. असे असतात हे गुळगुळीत लोक.

“पहिले पाचशे मैल जपून,” लायल म्हणाला. “जोर नाही, चाकं जागच्या जागी फिरवून जाळणं नाही. आणि व्हर्ना...” त्याने फोटोकडे पाहिले. “हा आकडा काढू का खालचा?”

“राहू दे. फोटो त्याचा आहे. आकडाही त्याचाच आहे.”

नवा क्लच गाडीत गेला, मी गॅरेजच्या फळीवर. विल्मरने इंजिनाची जड चकती, म्हणजे फ्लायव्हील, घासून सपाट करून आणले, पेडलचा सैलपणा बोटभर ठेवला. त्यानंतर अख्खा ऑगस्ट व्हर्नाबाई मक्याच्या शेतांमधल्या सरळ रस्त्यांवर गाडी घेऊन फिरल्या. रोज पंधरा-वीस मैल, कधी जास्त. दुकानातले स्टूलवाले रस्त्यात हात करून ओरडत, “एकदा दाब ना! धूर काढ!” त्या काचेतून बोट दाखवून म्हणत, “तीनशे ऐंशी झाले. पाचशेनंतर ये.” पाचशे मैल पुरे झाले ते फेरीच्या आदल्या शुक्रवारी.

फेरीचे मी डोळ्यांनी पाहिले नाही. जे सांगतो ते क्रेगच्या तोंडून, गॅरेजमध्ये उभा राहून त्याने विल्मरला सांगितलेले. त्या दिवशी कोर्टाजवळच्या रेल्वे फाटकावर मालगाडी आली आणि संपेचना. सत्तर-ऐंशी जुन्या गाड्या एकामागे एक, दोन पावले पुढे, थांबा, दोन पावले पुढे, थांबा. अशा वेळी पायाची परीक्षा होते. ज्यांच्याकडे माझे भाऊबंद होते, त्यांच्या गाड्या बोकडासारख्या उड्या मारत होत्या. एक बंद पडली, मग दुसरी. एकाने पाय आखडला म्हणून बायकोला चालवायला बसवले आणि तिने त्याच्यापेक्षा बरी चालवली. व्हर्नाबाईंची हिरवी गाडी मात्र लोण्यातून सुरी जावी तशी सरकत होती.

“आणि माझ्या मांडीवर काय होतं सांगू?” क्रेग म्हणाला. “साखर-सायीचा पाय. म्हणाली, ‘धर, आणि गुमान बस.’ शेवटपर्यंत धरला. एक तडा नाही गेला.”

“मग किल्ली?” विल्मरने विचारले.

“मागितली मी. म्हणालो, काकू, आता तरी शिकव मला. तर म्हणाली, आधी पाय धुऊन ये.”

पाय म्हणजे तोच, डावा, बूट काढून. नव्या क्लचवर चिखलाच्या बुटाने शिकायचे नाही, असा त्यांचा हुकूम होता.

फेरीनंतरच्या रविवारी व्हर्नाबाईंनी मला फळीवरून काढले. गंज घासला, तेलाचा हात फिरवला आणि मधल्या भोकात घड्याळाचे यंत्र बसवले. मग त्या गाडीजवळ गेल्या. दोन्ही गालांवरचे ‘४२५’ त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने सावकाश सोडवले. मला वाटले, फेकणार. पण एक त्यांनी डेलबर्टच्या रेडिओवर ठेवला. दुसरा हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“या घरात,” त्या मला म्हणाल्या, “इतके घोडे खरोखर पेलू शकणारा तूच एक होतास. तुझ्यावर अन्याय झाला बाबा.”

आणि तो आकडा त्यांनी माझ्या कपाळावर लावला.

मित्रांनो, तीस वर्षांत मला कुणी हे म्हटले नव्हते. त्यामुळे जाता जाता थोडे सांगतो, ऐका किंवा सोडून द्या. क्लच निवडताना आपले इंजिन बघा, आपला रस्ता बघा, आपला गुडघा बघा. शेजाऱ्याला काय सांगितले आहे ते बघू नका. गाडी चालवताना पेडलवर पाय ठेवून बसू नका. विनाकारण दाबले जाणे कुणालाच आवडत नाही. जुन्या वस्तूला गंजत ठेवू नका. कामाची नसेल तर काम शोधून द्या. आणि एखादी वस्तू धक्के देत असेल तर तिला वाईट म्हणण्याआधी तिच्या खोक्यावर काय लिहिले होते ते आठवा.

खाली गाडी उभी आहे. आतला तो मवाळ आपले काम चोख करतो, हे मी मान्य करतो, एकदाच, आणि पुन्हा विचारू नका. पण कपाळावरचा आकडा माझा आहे. चारशे पंचवीस घोडे मी आजही धरीन. कुणी आणून तर दाखवा.